ताईला खोटं बोलायला लावू नका

खानापूरची एक मुलगी टोरांटोहून लिहिते. तिची ताई बेळगावात, शहापुरात नांदते. रीतसर बघून-दाखवून झालेलं लग्न. धाकटी मात्र दीड वर्ष धारवाडच्या एका मुलाबरोबर राहते आहे. लग्न करायचं की नाही, ठरलेलं नाही. हे घरात फक्त ताईला माहीत. ताई म्हणते, "निभवायचंय तर चारचौघांत सांगायला भीती कसली?" धाकटी म्हणते, "तुझ्या संसारात नुसतं निभावणंच आहे, प्रेम कुठाय?" तेव्हापासून अबोला आहे.

प्रेमाविषयी दोघी बहिणींचं एकमत व्हायलाच हवं असं कुणी सांगितलं? ते राहू द्या. तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट मला खटकली. व्हिडिओ कॉल चालू असताना मागच्या खुर्चीवर त्याचा शर्ट दिसला, तर ताईने "रेंज नाही गं" म्हणत आईच्या हातून फोन काढून घेतला. तुम्ही हे गमतीने लिहिलंय. मला त्यात गंमत दिसली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात "धाकटीचं जमलं का गं कुठं?" हा प्रश्न तिला विचारतात, तुम्हाला नाही. तिचा राग तुमच्या एकत्र राहण्यावर थोडा असेलही, पण मला वाटतं, जास्त राग या राखणदारीचा आहे.

आणि तिच्या संसारात प्रेम नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? दर महिन्याला आईला शुगर तपासायला दाजी नेतात, असं तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्या "कागदाने काय होतं?" या प्रश्नाबद्दल. तुमच्या ओंटारिओ प्रांतात बरंच होतं. नवरा-बायको वेगळे झाले तर संसारात वाढलेल्या मालमत्तेची वाटणी कायद्याने होते. नुसतं एकत्र राहणाऱ्यांना ती आपोआप मिळत नाही. मृत्युपत्र न करता एक जण गेला, तर मागे राहिलेल्याला वारसाहक्कही आपोआप येत नाही. उलट सलग बारा महिने एकत्र राहिलात की कॅनडाचा आयकर विभाग तुम्हाला जोडपं धरतो आणि रिटर्नमध्ये तसं लिहावं लागतं. म्हणजे सरकारदरबारी तुमचं नातं सांगायचंच आहे, झाकलंय ते फक्त खानापुरात! लग्न नको असेल तर नको, पण वकिलाकडून दोघांचा करार आणि मृत्युपत्र करून घ्या.

खरी भीती बाबांची आहे, हे पत्रात आडून आडून येतं. ते दरवर्षी १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जातात आणि मुलगा कन्नड, तोही लिंगायत. पण सीमाभागातल्या माणसाचं भांडण १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेशी असतं, शेजारच्या आप्पांशी नसतं. तुमच्या बाबांचंही बाजारातलं अर्धं बोलणं कन्नडातच होत असणार. ते चिडतील. कदाचित महिनाभर फोनवर येणार नाहीत. तरीही हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे, ताईच्या नको, शेजारणीच्या तर नकोच. फक्त ऑक्टोबरच्या शेवटी सांगायला जाऊ नका! पुढेमागे लग्न ठरलंच, तर हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) व्याख्येत वीरशैव आणि लिंगायत दोन्ही येतात. त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांच्या जोडप्यांना लागते ती विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस तुम्हाला लागणार नाही.

बाबांच्या आधी ताईला फोन करा. कोण बरोबर, हा विषय काढू नका. "तू जे बोललीस ते लागलं, मी जे बोलले ते चुकलं," एवढं म्हणा आणि अमुक दिवशी मी घरी सांगणार आहे, हे तिच्या कानावर घाला. मग दीड वर्षात तिने आईला काय काय सांगून ठेवलंय ते एकदा नीट विचारून घ्या. नाहीतर बाबा पहिला उलटा प्रश्न तिलाच विचारतील.