पोथीतली नावाडीण गूढ का वाटत नाही?

प्रश्न : मी अद्भुत कादंबरी लिहीत आहे. तिच्यातला धर्म आणि त्याची पोथी दोन्ही काल्पनिक. पोथीत एक आंधळी नावाडीण येते : ‘ती अनादि, ती अगम्य, तिला नाव नाही.’ वाचणारे म्हणतात, गूढ वाटत नाही, नुसतं कळत नाही. शेवटच्या प्रकरणात तिचा अर्थ सांगून टाकू का?

उत्तर : नका सांगू. अडचण अर्थाची नाही, विशेषणांची आहे. ‘अगम्य’ म्हटलं की वाचकाला करायला काही उरत नाही. गूढ प्रतिमेला मोजता येतील असे अवयव लागतात.

ऋग्वेदातला बैल पाहा (४.५८.३). चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात. तीन ठिकाणी बांधलेला, डरकाळ्या फोडतो आणि माणसांत शिरतो. ऋचा तिथेच संपते, उलगडा नाही. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, हा बैल म्हणजे यज्ञ : शिंगं चार वेद, पाय तीन सवनं (सोमरस काढण्याच्या दिवसातल्या तीन वेळा), हात सात छंद. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे व्याकरणाच्या ग्रंथात, तोच बैल म्हणजे शब्द : शिंगं नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यय), पाय तीन काळ, हात सात विभक्ती, आणि तो बांधलाय छाती, कंठ, मस्तक या तीन जागी. आकडे तेच, पण हिशेब दोन्हीकडे जुळतो. ही खरी कारागिरी!

उलट ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे सहा हात म्हणजे सहा दर्शनं, तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे ज्ञानदेव तिथल्या तिथे सांगतात. ती स्तुती आहे, कोडं नाही. तिथे तेच शोभतं. तुम्हाला बैलाची वाट धरायची आहे.

तर नावाडणीला वस्तू द्या. दोन वल्ही, तिसरं मोडलेलं; नावेत गुडघाभर पाणी, तरी नाव बुडत नाही. एवढ्या चार ओळी पुरेत. मग दोन भाष्यं लिहा, वेगवेगळ्या धंद्यांच्या माणसांची. पुजारी म्हणेल : वल्ही म्हणजे जप आणि दान, मोडलेलं म्हणजे मोडलेला नवस. कोळी म्हणेल : वल्ही म्हणजे भरती-ओहोटी, मोडलेलं म्हणजे भांग, पाण्याला जोर नसतो ते दिवस. दोघांनाही प्रत्येक वस्तूचा हिशेब द्यायला लावा, फक्त गुडघाभर पाण्यापाशी दोघांना अडखळू द्या. पुजारी घाईघाईने ‘पाप’ म्हणून मोकळा होतो, कोळी गप्प बसतो. वाचक तिथेच रेंगाळतो.

इथे बहुतेकांची एक चूक होते : निवेदक हळूच एकाची बाजू घेतो. मग दुसरं भाष्य मूर्खाचं ठरतं आणि गूढ संपतं. दोघांनाही तितकंच हुशार ठेवा.

हस्तलिखितांत पाठभेद असतातच; तुमच्या पोथीच्या एखाद्या प्रतीत ‘तिसरं मोडलेलं’ऐवजी ‘तिसरं सोडलेलं’ असू द्या. लेखनिकाच्या एका अक्षराच्या चुकीवरून दोन पंथ भांडू शकतात, आणि कथानकाला ते हवंच असतं.

नावाडीण प्रकरणागणिक आणू नका. पोथीतून एकदा, शपथेत एकदा, लहान मुलांच्या खेळगाण्यात एकदा. खेळगाण्यात वल्ही चुकून चार झाली तरी चालतील. मुलं तसंच म्हणतात.