आधी चालून ये

पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, पुढ्यातला चहा निवून गेला तरी हात लावला नाहीस, आणि निळ्या फाइलमधला शेवटचा कागद माझ्यापुढे सरकवलास. येत्या वर्षाची यादी. गेटची परीक्षा पुन्हा, गुण वाढवायला. सेट, प्राध्यापकीच्या पात्रतेची. रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचायचा, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स. ड्रोन उडवण्याचं लायसन्स. आयईएलटीएस, परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा. आणि सगळ्यात खाली, 'कोकण ते नागपूर, ४० दिवस' आणि पुढे प्रश्नचिन्ह. वरच्या पाच ओळी पेनानं लिहिल्या होत्यास, ही एकच पेन्सिलीनं. मी तेव्हा गप्प बसले, कारण बोलले असते तर आवाज चढला असता. त्यानंतर दोन रात्री तीच पेन्सिलीची ओळ डोळ्यांपुढे आहे.

भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्याचं कौतुक घरच्यांनी केलंच आहे. मी सरळ मुद्द्यावर येते. यादी उलटी कर. आधी चालून ये.

तू म्हणालीस, 'मावशी, परीक्षा फेब्रुवारीत आहे, ती झाली की मी मोकळीच.' अगं, कॅलेंडर बघ. गेट फेब्रुवारीत. भूवैज्ञानिक पदांची यूपीएससीची पूर्वपरीक्षाही फेब्रुवारीत. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी अभ्यास. आणि आपल्या विषयात रानात फिरायचे महिने कोणते? तेच. गवत वाळलेलं असतं, ओढे उघडे पडलेले असतात, दगड हाताला लागतो, ऊन सोसतं. मार्चनंतर माणदेशात दुपारी बाराला खडकावर हात ठेवून दाखव मला. जूननंतर सगळं हिरव्याखाली जातं. परीक्षा दर वर्षी नेमकी त्याच चार महिन्यांवर येऊन बसते, आणि तुझ्यासारखी पोरं तिशीपर्यंत 'यंदा नाही, पुढच्या वर्षी' म्हणत राहतात. मी म्हणत राहिले. म्हणून मला ते वाक्य सहन होत नाही.

१९९३ साली मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विसर्जनाची मिरवणूक संपवून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरलं. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आम्ही दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असं पाठ केलेलं. १९६७च्या कोयनेच्या भूकंपाला निदान धरणाचं पाणी हे कारण सांगता येत होतं. इथं काहीच हाताशी नव्हतं. पुस्तकात नसलेली गोष्ट आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर घडली होती. आमचे एक सर औषधं आणि चादरी घेऊन निघाले, वर्गातल्या सहा जणांना घेतलं. सातवी जागा माझी होती. मी गेले नाही. डिसेंबरात पात्रता परीक्षा होती.

गेलेल्यांनी ढिगारे उपसले. नंतर शेतात जमीन फाटून उचललेली बघितली, तिच्यावर पट्टी ठेवून मोजली, वहीत काढली. पुढच्या पेरणीपर्यंत नांगरांनी आणि पावसानं त्यातलं बरंचसं पुसलं. त्या सहातली एक मैत्रीण परतल्यावर आठवडाभर बोलत नव्हती. मग तिनं ठरवलं की घरं कशी बांधावीत यातच काम करायचं, आणि आजही ती तेच करते. मी परीक्षा पास झाले. किल्लारीवर प्रश्न आला तेव्हा मी सुंदर उत्तर लिहिलं, कात्रणं वाचून.

आता खरं सांगते, हे मी तुझ्या आईलाही कधी बोलले नाही. परीक्षा हे कारण नव्हतंच. बाबांना विचारायची माझी हिंमत नव्हती. मुलगी, परगाव, रात्रीचा प्रवास, बरोबर मुलगे. 'अभ्यास आहे' म्हटलं की घरात कुणी पुढे विचारत नसे, दूध आणून टेबलावर ठेवत. 'फिरायला जाते' म्हटलं की दहा प्रश्न. तुझी यादी बघताना मला हेच दिसलं. त्या पाच ओळींना घरातून परवानगी लागत नाही, उलट बक्षीस मिळतं. सहाव्या ओळीला भांडावं लागेल, म्हणून ती पेन्सिलीनं. पोरी, हे ओळखायला मला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत मी दोन पदविका आणि चार प्रमाणपत्रं जमवली.

त्यातलं एक होतं भूभौतिकीचं. पहिला वर्ग. त्याच्या जोरावर २००३च्या मे महिन्यात एका संस्थेनं मला माण तालुक्यात पाणी बघायला नेलं. दुष्काळाचं वर्ष, चाऱ्याला काडी नव्हती. एका शेतकऱ्याच्या माळावर मी रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र मांडलं, सळया ठोकल्या, वाचनं घेतली. दीडशे फुटांच्या आसपास आलेख खाली घसरला, म्हणजे तिथं विजेला अडवणारं कमी. मी म्हटलं, भेगाळलेला खडक, पाण्यानं भरलेला. घ्या बोअर. त्या माणसानं खिलारी जोडीतला एक बैल विकला. दीडशे फुटांवर ड्रिलमधून तांबडा चिखल आला. त्याखाली पुन्हा राखाडी धूळ. २१० फुटांवर त्यानंच हात वर करून गाडी थांबवली. मला तो एक शब्दही बोलला नाही.

तो गेरूचा थर होता. दोन लाव्हांच्या मधली भाजलेली तांबडी माती. चिकण असते, म्हणून यंत्राला पाण्यासारखीच वाटते, पण विहिरीला ती पाणी सोडत नाही. आणि ऐक, त्या माळाच्या खालच्या अंगाला, अर्ध्या किलोमीटरवर, ओढा खोल उतरतो. तिथल्या कड्यात तोच तांबडा पट्टा उघडा आहे. आपले थर आडवे, चुलीवर एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे. कड्यातला पट्टा बघून माळाखाली काय आहे ते शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. अर्धा किलोमीटर, पोरी! मी जीपमधून उतरले, यंत्र मांडलं, आकडे घेतले, परत जीपमध्ये बसले. आधी चालून आले असते तर तो बैल दावणीला राहिला असता.

यंत्र चुकीचं नव्हतं, प्रमाणपत्रही खोटं नव्हतं. पण वाचलेल्या आकड्याला नाव द्यायला जे डोळ्यात साठलेलं लागतं, ते माझ्या डोळ्यात नव्हतं. तुझा उपग्रह आणि तुझा ड्रोन याहून वेगळं काही करणार नाहीत. वरून तांबडं दिसेल. ते गेरू आहे, जांभा आहे की विटांचा चुरा आहे, हे तुला आधीच ठाऊक असावं लागेल.

त्या डिसेंबरात मी चालायला लागले, ३३व्या वर्षी, लेकीला सासूबाईंकडे ठेवून. लोक काय बोलले ते तुझ्या आईला विचार. पुढे महाविद्यालयातली कायमची नोकरी सोडली त्याबद्दलही तू ऐकलं असशील. 'तिला शिकवणं जमेना' असं म्हणतात. मला शिकवणं उत्तम जमत होतं. पण मी पोरांना तीन दिवसांच्या सहलीवर बसनं न्यायचे, खिडकीतून भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीकडे बोट दाखवून 'तो बघा डाइक' म्हणायचे, आणि ती लिहून घ्यायची. तो बैल मला दर वेळी आठवायचा. सोडली नोकरी. पैशाची ओढाताण झाली, लेकीच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागलं, ती मला एकदा त्यावरून बोललीही. तरीही आज परत विचारलंस तर परत सोडेन. हे तुला पटवण्यासाठी लिहितेय की मला स्वतःला, कोण जाणे. पण लिहून ठेवते.

आता तुझ्या वाटेचं बोलू.

कोकणातून सुरुवात करतेस ते योग्य. रत्नागिरीकडे जांभ्याच्या चिरेखाणीत उतर, ताजा कापलेला चिरा किती मऊ असतो आणि उघड्यावर राहून कसा कठीण होतो ते कामगारांना विचार. उन्हवरे, तुरळ, राजापूर ही गरम पाण्याची ठिकाणं नकाशावर जोड आणि रेघ सह्याद्रीला कशी समांतर जाते ते बघ. मग घाट चढ, पायी चढ. आपल्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द मूळचा स्वीडिश, पायरी या अर्थाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या पायऱ्या महाबळेश्वरपर्यंत गुडघ्यांनी मोजल्यास की पुस्तकातली जाडी तुला पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

महाबळेश्वराहून माण-खटावात उतर. एका बाजूला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दीडशे किलोमीटरच्या आत पाचशेची मारामार. इथं घाई करू नकोस. इथं आठ दिवस राहा. रोज दोन विहिरी बघ, काठावर बसून. विहीर खणणाऱ्या माणसांना शोध. त्यांच्याकडे मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक), काळा पाषाण, गेरू असे शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या मागे घामाचा हिशोब आहे. मांजऱ्यात पाणी का, पाषाणात कुठे नि कधी, हे मला पदविकेत कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. त्यातलं एक तरी मोजमाप स्वतःच्या हातानं दोर सोडून कर.

निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या पात्रात उतरून बघ, फोटो काढून पळू नकोस. धुळे-नंदुरबारचे डाइक तुझ्या वाटेवर नाहीत. त्यांच्यासाठी वाट वाकडी कर. मैलोन्‌मैल गेलेल्या त्या दगडी भिंतींच्या कोणत्या अंगाला विहिरी आहेत आणि कोणत्या अंगाला नाहीत, हे लिहून आण. मला हवंय ते. लोणारला एक मुक्काम. आणि शेवटी नागपूर. सीताबर्डीच्या टेकडीवर तुझा काळा दगड संपत आलेला दिसेल, त्याच्याखालचं जुनं जग वर येताना दिसेल. जिथं दगड संपतो तिथं उभं राहिल्याशिवाय तो समजत नाही. मी तिथं पोचले तेव्हा ४१ वर्षांची होते. तू २३ वर्षांची आहेस. मला हेवा वाटतो, लपवत नाही.

पैशाचं म्हणालीस. ड्रोनच्या लायसन्सला जेवढे बाजूला ठेवलेत तेवढ्यात हे ४० दिवस बसतात. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो, लांबच्या टप्प्यांना तो बघ. मुक्कामाला माझ्या ओळखीची सात-आठ घरं देते, सगळीकडे बाई घरात आहे, मी स्वतः राहिलेली आहे. एकटीनं रात्रीचा प्रवास करू नकोस आणि दिवस मावळायच्या आत वस्तीवर ये. हे तू बाई आहेस म्हणून नाही, कड्यावर अंधारात पुरुषही पडतात.

आणि आईशी मी बोलणार नाही. तू मला तेच विचारायला आली होतीस, मला कळलं होतं. ते तूच बोल. मी बोलले तर ती हो म्हणेल, पण मग तो माझा प्रवास होईल. १९९३ला मी बाबांना विचारलंच नाही. ते मेल्यावर त्यांच्या पेटीत किल्लारीची कात्रणं सापडली. माझ्यासाठी जमवून ठेवली होती, तारखा घालून. कदाचित हो म्हणाले असते. मला आता कधीच कळणार नाही.

परीक्षा देऊ नकोस असं मी कुठंही लिहिलेलं नाही, घरी तसं सांगू नकोस. जाहिरातीत जी पात्रता लिहिली असते ती लागतेच, पोटाला कागद लागतो. सेट दे. गेट दे, तुझे जुने गुण अजून चालतात, तीन वर्षं चालतात, मग यंदाच कशाला? आयईएलटीएस तिकडे जायचं पक्कं होईल तेव्हा. यादीतलं काही खोडू नकोस. फक्त क्रम. आधी चालून ये.

माणमध्ये त्या शेतकऱ्याच्या घरी जा. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. मी २००३च्या डिसेंबरात तिथं परत गेले होते, बैलाचे पैसे घेऊन. त्यांनी पैसे घेतले नाहीत. ओढ्याच्या कडेला मी दाखवलेल्या जागी त्यांनी नंतर विहीर पाडली, तिला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. तिथं बसून तो तांबडा पट्टा वहीत काढ, उंची मोजून, आणि माझ्या जुन्या चित्राशी ताडून बघ. मी मोजताना हात थरथरत होते, आकडा चुकला असण्याची शक्यता आहे.

गुरुवारी दिवसभर घरी आहे. हातोडी, थरांचा कल मोजायचं क्लायनोमीटर आणि भिंग घेऊन जा. भिंग हरवलं तर हरवू दे, बाजारात मिळतं. हातोडी परत आण, तिचा दांडा मायणीच्या एका सुतारानं बसवून दिलाय आणि तो आता काम करत नाही.

तुझी,
मावशी