मिस्त्रींच्या हातातले ज्ञान

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. साच्यांसाठी पाणी घालून वाळू तयार करणारे आमचे मिस्त्री तीस वर्षांच्या नोकरीनंतर येत्या डिसेंबरात निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडून सारी माहिती घेऊन आम्ही साठ पानांची फाइल केली. तरी ते रजेवर गेले की रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढतेच. फाइलमध्ये काय राहिले असावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जे राहिले ते मिस्त्रींनी लपवलेले नाही, त्यांनाही ते शब्दांत सांगता येत नाही. मूठभर वाळू आवळायची, मधोमध मोडायची आणि तुटलेली कड टिकते की ढासळते हे पाहून पाणी ठरवायचे, इथपर्यंत लिहिता येते. पुढचे हातालाच कळते. मात्सुशिता या जपानी कंपनीच्या घरगुती पाव-यंत्रात १९८०च्या दशकात पीठ नीट मळले जात नव्हते, तेव्हा कंपनीतल्या सॉफ्टवेअर तज्ज्ञ इकुको तानाका यांनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि तो पीठ ताणताना त्याला पीळही देतो, हे शेजारी उभे राहून हेरले.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीतील कलम ७.१.६चा धसका घेऊन अनेक कारखाने अशा फायली करतात. वास्तविक ते कलम फाइल मागतच नाही. आवश्यक ते ज्ञान टिकवा आणि गरजेला उपलब्ध ठेवा, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

तेव्हा एक तरुण कामगार मिस्त्रींच्या जोडीला द्या. प्रत्येक बॅचला त्याने आधी मूठ आवळून ओलाव्याचा आपला अंदाज वहीत लिहावा, मग मिस्त्रींनी आपला सांगावा आणि शेवटी ओलावा मोजण्याच्या यंत्रावरचा आकडा शेजारी मांडावा. दोघांचे जिथे पटणार नाही, तिथेच खरी शिकवणी होईल. वाया गेलेली काही कास्टिंग (ओतलेले भाग) कापून, त्या दिवशीच्या ओलाव्याच्या चिठ्ठीसह फळीवर मांडून ठेवा. पाणी जास्त झाल्यावर वाफेने धातूत पडलेले ब्लो होल, म्हणजे पोकळ छिद्र, डोळ्यांनी पाहिलेला मुलगा ते सहसा विसरत नाही.

आपल्या जागेवर पोरगा आणून बसवला, असे मात्र मिस्त्रींना वाटू देऊ नका. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस येण्याचे मानधन आजच त्यांच्याशी बोलून ठरवा. (हा विषय थेट शाल-श्रीफळाच्या दिवशी काढणारे मालक आम्ही बरेच पाहिले आहेत.)

आणि हे सारे जूनच्या आत सुरू करा. पावसाळ्यात येणारी वाळूच ओली असते, त्यामुळे पाण्याचा सगळा हिशेब बदलतो, आणि मिस्त्रींच्या नोकरीत आता एकच पावसाळा उरला आहे.