नवऱ्याचा अबोला, उडालेली झोप: पाळकसाहेबांकडे जावं की डॉक्टरांकडे?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा आठवडेच्या आठवडे बोलत नाही, सासूबाईंशी रोजची धुसफूस आहे आणि महिनाभर धड झोप नाही. मिरजेच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, म्हणतात पाळकसाहेबांकडे, आपल्या धर्मगुरूंकडे, समुपदेशनाला जा, भाऊ म्हणतो मानसोपचारतज्ज्ञ गाठ. माझं मत, दोन्हीकडे जा, पण डॉक्टरांकडे आधी. मी साताऱ्याची. आमच्या पाळकीणबाई जोडप्यांना भेटतात तेव्हा बऱ्याचदा सोबत बसते, त्यावरून सांगते.

झोप उडणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की तपासून घ्यायचंच. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. तुमच्या गावात तर मिशनच्या डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उभा केला. प्रार्थना आणि औषध एकाच आवारात चालत आलंय. बायबलात 1 राजे, अध्याय 19 काढून बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. बोलणं त्यानंतर.

ख्रिस्ती समुपदेशनातही दोन तऱ्हा आहेत. एक म्हणते, शास्त्र म्हणजे बायबल पुरेसं आहे, मानसशास्त्र नको. 1970 च्या सुमारास अमेरिकेत जे अ‍ॅडम्स यांनी ही बाजू जोरात मांडली. दुसरी शास्त्राबरोबर मानसशास्त्राचं शिक्षणही घेते. मला दुसरी पटते. पहिल्या तऱ्हेतही कान देऊन ऐकणारी माणसं असतात, पण गोळ्या बंद करायला सांगणारा भेटला तर तिथून उठा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात.

आता खरी अडचण. आपल्या मंडळ्या लहान. पाळकसाहेब तुमच्या सासऱ्यांचे स्नेही असणार, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांत एखादा चुलतसासरा असणार. तुम्ही गुरुवारी जे रडून सांगाल ते रविवारी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून महिला मंडळात पोचतं. वाईट हेतू नसतो हो, पण पोचतं. म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या गावातला, दुसऱ्या मंडळीतला माणूस बघा. सांगली अगदी जवळ आहे, सातारा-कोल्हापूरही फार लांब नाही. फोनवरच स्पष्ट विचारा: हे कुणाकुणाला कळेल? शिक्षण काय घेतलंय? गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवता का? यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका. बाईमाणूस मिळाली तर उत्तम, नाहीतर पाळकीणबाई सोबत असाव्यात.

पहिल्या भेटीत तो ऐकतो किती ते बघा. बायबलातल्या ईयोबावर संकट आलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तेवढंच त्यांनी बरं केलं, तोंड उघडलं आणि बिघडवलं. दहाव्या मिनिटाला 'पत्नींनो, अधीन असा' सुरू झालं तर समजा, तुमचं ऐकून घ्यायचं त्याच्या मनातच नाही. हे वचन इफिसकरांच्या पत्रातलं, आणि त्याच अध्यायात नवऱ्यांना दिलेली आज्ञा जास्त लांब आहे, ती मात्र कुणी वाचत नाही.

मारहाणीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगून ठेवते. हात उचलला जात असेल तर दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा नसतो; बाई तिथं खरं बोलूच शकत नाही. आधी सुरक्षित जागा, 181 ही महिला हेल्पलाइन, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. क्षमा करायची की नाही ते मागून बघता येतं, आणि क्षमा केली म्हणून परत नांदायला जायलाच हवं असंही नाही.

नवरा येणार नाही म्हणाला तर एकट्या जा. बरेच नवरे आधी नाहीच म्हणतात. बायको दोन-तीनदा जाऊन आली की काय बोलणं झालं म्हणून विचारायला लागतात. आणि रात्री जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.