कार्पेटच्या आधी पत्रा बघा

गाडीसाठी नवीन कार्पेटचा सेट आलाय म्हणून हात शिवशिवत असतील, पण तो अजून आठवडाभर तसाच गुंडाळलेला राहू द्या. आधी सीट काढा, जुनं सगळं उपटा आणि फ्लोअरवर पाण्याचा पाईप नव्हे, तर काचांवर, दारांवर बाहेरून पाणी मारून आत कुठे झिरपतंय ते पाहा. विंडस्क्रीनचं रबर बहुतेकदा गुन्हेगार निघतं. गळती तशीच ठेवून वर नमदा (कार्पेटखालचा लोकरीसारखा जाड थर) अंथरलात, तर तो पाणी धरून ठेवतो आणि खालून पत्रा कुजत राहतो. मी एकदा हीच घाई केली होती. दोन पावसाळ्यांत ड्रायव्हरच्या पायाखाली भोक!

गंज घासून, प्रायमर-पेंट पूर्ण वाळला की ब्यूटाईल शीट, म्हणजे पत्र्याला चिकटणारी जड रबरी शीट. हिचं काम पत्र्याची थरथर मारणं, त्यामुळे पत्रा इंच न् इंच झाकायची गरज नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव हिस्सा झाकलात तरी फरक कळतो. रोलरने नीट दाबा. त्यावर क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा) फोम, कारण तो पाणी पीत नाही. गिअरबॉक्सच्या बोगद्यावर (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर) आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन नि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, मात्र उष्णतारोधक थर हवाच.

फ्लोअरमधली ड्रेनची, म्हणजे पाणी निघून जायची, भोकं बुजवू नका. सीटच्या, बेल्टच्या बोल्टची भोकं आधीच खुणा करून ठेवा, नाहीतर नंतर टोचा घेऊन चाचपडत बसाल.

जुनं कार्पेट फाटकं असलं तरी टाकू नका, तोच तुमचा साचा. आणि शेवटी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बघा, जाड थरांमुळे पेडल अडकायला नको.