आखाजीला नातू येतोय, त्याच्या पायात काय घालू?

प्रश्न : ताई, माझी लेक पुण्याला असते. आखाजीला ती नातवाला घेऊन येतेय आणि चांगली महिनाभर राहणार आहे. नातू तेरा महिन्यांचा. नुकताच हात सोडून चालायला लागलाय, चार-सहा पावलं टाकतो आणि मट्कन बसतो. आमच्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! ओटा शहाबादी फरशीचा, अंगण सिमेंटचं, मागून शेताची पायवाट. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पोर अनवाणीच फिरतं. मामाने हौसेने चूं चूं वाजणारे बूट आणून ठेवलेत. शेजारणीने तिच्या नातवाच्या सँडल दिल्यात. जाऊबाई म्हणतात, घोट्याच्या वर येणारे कडक बूट घाला, पाय बळकट होतात. मला तर त्याचे तळवे सपाट वाटतात, त्याचीही काळजी लागलीय. नेमकं काय घेऊ?
— एक आजी, पारोळा तालुका

उत्तर : मावशी, पहिली गोष्ट जाऊबाईंनाही वाचून दाखवा. बुटामुळे कुठलंच मूल लवकर चालत नाही आणि बुटामुळे पाय बळकटही होत नाहीत. या वयात पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चेचीच असतात, मऊ. मूल फरशीवर उभं राहतं तेव्हा त्याची बोटं कशी पसरतात आणि जमीन धरतात ते जरा खाली बसून बघा. तोल सांभाळायला ते तळव्याकडूनच शिकत असतं. कडक बुटात घोटा वळत नाही, बोटं आखडतात, आणि पोर पाय आपटत चालतं. तेव्हा घरात अनवाणी, अगदी बिनधास्त. मोजेसुद्धा नकोत, गुळगुळीत फरशीवर ते सटकतात.

मी धुळ्याला लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे आणि एरवी आयांना सांगते की चपलांची घाई करू नका. पण खान्देशातला वैशाख आला की माझं म्हणणं बदलतं. चटका आणि काटा, या दोन गोष्टींपासून पाय वाचवायला घराबाहेर पायात काहीतरी हवंच.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, तो सावलीतल्या हवेचा. उन्हातली फरशी, सिमेंट, पत्रा त्याच्या कितीतरी पुढे जातात, डांबर तर ६० अंश सहज ओलांडतं. आपल्या टाचा रापलेल्या, आपण दोन ढांगांत सावली गाठतो. तेरा महिन्यांच्या पोराची कातडी पातळ, आणि त्याला पळता येत नाही. चटका बसला की ते जागच्या जागी खाली बसतं, म्हणजे पायापाठोपाठ मांड्या आणि तळहातही भाजतात. बरेचदा हे रस्त्यावर होत नाही, घरच्याच ओट्यावर किंवा गच्चीवर होतं, मोठी माणसं दोन हातांवर बसलेली असताना. म्हणून पोराला खाली सोडण्याआधी तुमचा पालथा हात फरशीवर टेकवा आणि सावकाश पाच आकडे मोजा. तुम्हाला हात काढावासा वाटला तर पोराला उचलून घ्या. ऊन उतरलं तरी सिमेंट लगेच निवत नाही. आपण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो तेव्हाही ते पुरतं वाळू द्या, ओल्या कोब्यावर नवं चालणारं पोर घसरतं.

आता सँडल. जळगावच्या फुले मार्केटात घ्या नाहीतर पारोळ्याच्या बाजारात, दुकानदाराला नंबर सांगण्याआधी सँडल हातात घ्या आणि दुमडून बघा. चवड्याशी, म्हणजे बोटं जिथे वाकतात तिथे, ती एका हाताच्या जोराने वाकली पाहिजे. न वाकणारी ठेवून द्या, मग वर कितीही फुलं आणि गाड्या असोत. तळ मात्र कागदासारखा पातळही नको, पातळ रबरातून चटका आत येतो. चार-पाच मिलिमीटरचा, मऊ आणि खालून खाचा असलेला तळ आपल्या उन्हाला पुरतो. टाच उंच नको. मागे पट्टा हवाच. अंगठ्याची चप्पल या वयाला नको, ती पायात टिकवायला पोर बोटं आवळून चालतं. पुढचा भाग बंद असलेला घ्या, कारण तुमच्याकडे शेताची वाट आहे. पऱ्हाटीची खुंटं, बाभळीचे काटे, सराटे हे सगळं आधी बोटांनाच लागतं. बाजूने हवा खेळती हवी. सगळी प्लास्टिकची सँडल घामाने आतून बुळबुळीत होते, तिच्या कडाही कातडीला काचतात.

बंद वेल्क्रोचा, चरचर उघडणारा बघा. लोखंडी बक्कल नको. ओट्यावर उन्हात राहिलेल्या सँडलचं बक्कल असं तापतं की पोराच्या पायाला नेमका त्याचाच डाग बसतो. सँडल कायम सावलीत ठेवा, आणि घालण्याआधी उलटी करून झटका. उन्हाळ्यात विंचू बाहेर निघतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मापाची माझी एक पद्धत आहे. लेकीला फोन करून सांगा: संध्याकाळी, पोर उभं असताना, दोन्ही पावलांखाली कागद ठेव आणि पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मार. बसलेल्या पोराचं माप धरू नका, उभं राहिलं की वजनाने पाऊल पसरतं. दोन्ही पावलं तंतोतंत सारखी नसतात, मोठं असेल ते धरायचं. अंगठ्याच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर वाढवून कागद कापायचा. लेकीने त्याचा फोटो पाठवला तर माप चुकेल, तेव्हा टाच ते अंगठा आणि चवड्याची रुंदी हे दोन्ही आकडे पट्टीने मोजून घ्या आणि तसाच कागद इथे कापा. दुकानात हा कागद सँडलच्या आत सरकवा. सपाट बसला तर माप बरोबर. कडा वर वळल्या तर सँडल अरुंद आहे, पुढचा नंबर मागा किंवा दुसऱ्या कंपनीची बघा. एका कंपनीचा पाच नंबर दुसऱ्या कंपनीच्या पाचाशी जुळत नाही, म्हणून नंबरापेक्षा या कागदावर विश्वास ठेवा. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठी घेऊ नका, नवं चालणारं पोर तिच्यातच अडखळून तोंडावर पडतं. या वयात दोन-तीन महिन्यांत माप बदलतं, तेव्हा महागाची घेण्यातही अर्थ नाही. महिन्याने अंगठ्यापुढची जागा पुन्हा चाचपा.

मामाच्या बुटांबद्दल. मामाची हौस मला कळते, पण ते घालू नका. शिट्टी बसवायला टाच जाड आणि पोकळ केलेली असते, त्यामुळे पाऊल नीट टेकत नाही. त्याहून वाईट म्हणजे शिट्टीचं ते बटण. ते सैल होऊन निघतं, आणि या वयाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. घशात अडकायला तेवढं पुरे. बूट परत करता आले तर करा. आणि मामाच्या मनात बसायचा वॉकर असेल तर तोही थांबवा. त्यात पोर जिन्याकडे, चुलीकडे भर्रकन पोचतं. कॅनडाने तर २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा चालेल, कोणीतरी सोबत असेल तर.

शेजारणीच्या सँडल टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजली किंवा कलली असेल तर त्या पायाचं वळण नव्या पायाला लागतं, नको. तळ एकसारखा असेल आणि कागद सपाट बसत असेल तर खुशाल वापरा.

तळव्यांची काळजी सोडा. या वयाच्या जवळजवळ सगळ्या मुलांचे तळवे सपाटच दिसतात, तिथे चरबीची गादी असते. कमान पुढे काही वर्षांत दिसायला लागते. नातू खिडकीतलं काही घ्यायला चवड्यांवर उभा राहिला की बघा, बहुधा तेव्हा थोडी कमान दिसेल. पाय किंचित धनुष्यासारखे वाटले तरी दोन वर्षांपर्यंत ते चालतं. डॉक्टरांना दाखवायचं ते मूल लंगडत असेल, एकच पाय ओढत असेल, कायम चवड्यांवरच चालत असेल, किंवा चालणारं मूल अचानक पाय टेकवायचं बंद करेल तेव्हा.

पायात वाळे घालणार असाल तर पट्टा त्यांच्यावर येऊ देऊ नका. घामात चांदी आणि पट्टा एकमेकांवर घासून घोट्याला जखम होते. बाहेर जाताना वाळे काढून ठेवलेले बरे.

एवढं करूनही चटका बसलाच, तर भाजलेला पाय लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. माठातलं पाणी ओतत राहिलात तरी चालेल, तेवढं उरलेलं अंग कोरडं ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. फोड आला तर फोडू नका, आणि तळव्याला फोड आलेलं एवढंसं मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पहिल्यांदा सँडल घातली की तो पाय उंच उचलून विचित्र चालेल, कदाचित रडून काढूनही टाकेल. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातच, खेळाच्या वेळी दहा-दहा मिनिटं घालून बघा. काढल्यावर कातडीवर लाल वळ उठलेत का ते पाहा. थोड्या वेळात विरले तर ठीक, राहिले तर पट्टा सैल करा.