तो थकला, झोपला, रडला. मग मशीहा कसा?

बायबल अभ्यासाला नेमाने येणाऱ्या एका तरुणीची प्रार्थना तीन महिन्यांपासून बंद पडली होती. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "येशू बाप्तिस्म्याच्या दिवशी मशीहा झाला असेल, तर त्याआधी तो कोण होता? आणि देवाचा पुत्र असून तो प्रार्थना कुणाला करायचा?" असं विचारणं हेच पाप, या धाकाने ती गप्प होती. हा धाक अनेकांना असतो.

इथे पहिल्याच भेटीत त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत समजावायला बसलं की फसतं. समोरचा मान हलवतो आणि शंका घेऊनच घरी जातो. तिच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते: तो कोण आहे, आणि त्याचं काम कधी सुरू झालं. आधी ते सुटे केले.

मशीहा म्हणजे अभिषिक्त, कामासाठी नेमलेला. 1 शमुवेल 16 मध्ये दाविदाच्या डोक्यावर शिंगातलं तेल ओतलं जातं, तेव्हा तो अजून मेंढरं राखत असतो. राज्य हाती येतं ते 30 व्या वर्षी. येशूनेही कार्य आरंभलं तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता, असं लूक 3:23 सांगतं. पण लूक 2:11 मध्ये देवदूत जन्माच्या रात्रीच त्याला ख्रिस्त प्रभू म्हणतो (ख्रिस्त म्हणजे मशीहाच, ग्रीक भाषेत), आणि 2:49 मध्ये बारा वर्षांचा येशू मंदिराला आपल्या पित्याचं घर मानतो. यार्देन नदीत, बाप्तिस्म्याच्या वेळी, तो पुत्र झाला नाही. पुत्र म्हणून जगासमोर आला आणि कामाला लागला.

मग वही दिली. सात दिवस, रोज एक उतारा, आणि त्यातलं फक्त देहाचं काय ते लिहायचं. योहान 4:6: भर दुपारी विहिरीवर दमून बसलेला. योहान 11:35: रडला. चौथ्या दिवशी ती मार्क 13:32 वर अडली, कारण तो परत येण्याचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं तिथे आहे. असा उतारा एकटा वाचला की माणूस हमखास घाबरतो. शेजारी फिलिप्पै 2:6-8 ठेवलं: त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. ती मर्यादा त्याने आपणहून पत्करलेली आहे.

तिला सगळ्यात जास्त भिडलं ते मार्क 4. 38 व्या वचनात तो नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपलेला आहे, इतका गाढ की वादळातही शिष्यांना त्याला उठवावं लागतं. 39 व्यात तोच उठून वाऱ्याला धमकावतो. दोन्ही वचनं तिने एकाच ओळीत लिहून काढली.

प्रार्थनेचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. पुत्र पित्याशी बोलतो, स्वतःशी नव्हे, इतकं तिला पटलं. पुढचं कळायला योहान 17 ची 26 वचनं सावकाश, मोठ्याने वाचायला सांगितली आहेत. तिची स्वतःची प्रार्थना सध्या मार्क 14:36 मधल्या एका शब्दाची आहे: अब्बा, म्हणजे बाबा.